वरचा उजवा कोपरा

४ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. नमस्कार कागदावरच गोड मानून घे. दिवसभर पटावर वाकून बसल्यामुळे माझी कंबर अजून धरलेली आहे.

आपण दोघी अंतिम फेरीत! आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात कोणाला खरं वाटेना. साचे ओतणारी माझी मैत्रीण म्हणाली, गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा वेढायची, एवढं ठाऊक आहे. हा आंधळा प्रकार कसला? मग तिला सांगितलं, की चौघं एकमेकांकडे पाठ करून बसतात, दोन-दोन भिडूंच्या जोड्या. प्रत्येकाला फक्त आपल्याच सोंगट्या दिसतात, भिडूच्यासुद्धा नाहीत. खरा पट एकट्या पंचासमोर. भरलेल्या जागी कोणी सोंगटी ठेवली तर तो ‘भरलेली’ एवढंच म्हणतो. कोणाची, ते सांगत नाही. ती म्हणाली, हा खेळ कुठला, हा तर संसार झाला!

आणि पंच आपला दादा असून काडीचा उपयोग नाही. त्याच्या तोंडाला कुलूप असतं हे क्लबात सगळ्यांना माहीत, म्हणून तर बायको-बहिणीच्या सामन्यालाही त्यालाच बसवतात. तेव्हा आपलं आपणच ठरवू. डावी बाजू माझी, उजवी तुझी. फोनवर पट काढून दाखवता येत नाही म्हणून सोबत चित्र जोडलं आहे.

आईचा मुरगळलेला पाय बरा आहे, पण ती एकटी राहते तिथले तीन जिने आता तिला झेपत नाहीत. तिनं कोणाकडे राहायचं ते तू आणि दादा ठरवा. मी मध्ये बोलणार नाही. मी तिला माझ्याकडे मागितलं तर तुला वाटायचं, हिचा आमच्यावर भरवसा नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, कंबर दाबून देणारं कोणी असेल तर पाठव.

तुझी नणंद,
खारूताई

११ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस,

अ. आ. वि. वि. तुझं चित्र पाहिलं. पट म्हणून काढलंस की जाळीचा बनियन, ते आधी कळव.

बेत पटला. एकच बदल. वरचा उजवा कोपरा माझ्या बाजूला येतो, पण तो तुझा जिव्हाळ्याचा. पहिल्या सामन्यापासून तू तिथंच घर करतेस. तो तुला ठेवते. मी त्याच्या अलीकडूनच परत फिरेन. समोर ते दोघे साडू आहेत, सगळीकडे हावरटासारखे घुसतात, तेव्हा सांभाळून.

आईंबद्दल म्हणशील तर लेकीच्या घरी मन जसं मोकळं होतं तसं सुनेच्या घरी होत नाही, हे मला कळतं. मी बोलावलं आणि तुला वाटलं, हिनं माझी आई ओढून नेली, तर? तू म्हणशील तसं. तळमजल्यावरच्या खोलीतलं माझं कापड बेतायचं टेबल मी बाहेरच्या खोलीत आणलंय. तिथं उजेड बरा पडतो म्हणून, दुसरं काही नाही. तुझ्या दादांना विचारलं तर ते घरीही पंच. तोंडातून चकार शब्द नाही.

शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम अंगावर आहे, म्हणून थांबते. माया कमी करू नकोस, ओळी कमी केल्यास तरी चालेल.

तुझी वहिनी

२ मार्च

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. हरलो ते हरलो, पण निदान पोट धरून हसलो तरी! दादानं शेवटी खरा पट दाखवला आणि मला हसावं की रडावं कळेना. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी आपल्या सोंगट्या, आणि कोपऱ्यात एकही नाही. साडूंनी चार चालींत तिथं संसार थाटला.

आता कबूल करते. तो कोपरा तू मला दिलास ना, तेव्हाच मी ठरवलं, की वहिनी मन मोठं करून देतेय, तर आपण तो घ्यायचा नाही, तिलाच ठेवायचा. तू माझ्यासाठी सोडलास आणि मी तुझ्यासाठी. नेला तिसऱ्यानंच.

बसस्टँडवर दादानं शेवटच्या पटाची नक्कल माझ्या हातात दिली. बस सुटल्यावर कागद उलटला तर मागे त्याचं अक्षर. ‘आईनं वृद्धाश्रमात खोली पाहिली आहे. पंधरा तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. कोणाला सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगत नाही, लिहितोय.’

वहिनी, मी बसमध्ये रडले. तुझा मान राखता राखता मी माझ्या आईला एकदाही ‘ये’ म्हटलं नाही. आज तिला पत्र टाकलं. लिहिलं, माझी खोली एकच आहे, पण पलंग खिडकीशी लावलाय, तू ये. तुला विचारल्याशिवाय केलं. रागव, पण माझ्याशी बोलणं टाकू नकोस.

तुझीच,
खारूताई

२ मार्च

चि. खारूताई हिस,

अ. आ. वि. वि. हे पत्र घाईचं आहे. आज डब्याच्या पिशवीत पटाची नक्कल सापडली. मागे काय लिहिलं होतं ते तुला सांगायला नको, तुलाही एक दिलीय असं तुझे दादा आत्ता खाली मान घालून कबूल करतायत. मी त्यांच्यावर इतकी ओरडले, की आधी हातातली कात्री खाली ठेव म्हणाले.

मग हातातलं शिवण टाकून मी आईंना पत्र लिहिलं. खोली तुमच्यासाठीच रिकामी केली आहे, एकही पायरी नाही, या. उजेडाचं मी तुला खोटं सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.

तू आधीच बोलावलं असशील तर आपण दोघी एकाच जागेवर जाऊन आदळलो म्हणायचं. आदळू दे. या वेळी ‘भरलेली’ ऐकायला मला फार आवडेल.

तुझी वहिनी

६ मार्च

चि. खारूताई, चि. सौ. सूनबाई आणि चि. पंच यांस,

अनेक आशीर्वाद. दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमन एवढे जिने चढून आला, त्याला बसवून पाणी दिलं आणि त्याच्यासमोरच डोळे पुसले. काय करणार, थांबेनात.

महिनाभर फोनवर दोघी माझ्या पायाची चौकशी करत होतात. ‘ये’ असं एकीनंही म्हटलं नाही. मला वाटलं, अडचण होत असेल माझी. वृद्धाश्रमातली खोली चांगली होती, माणसंही भली होती. तरी पाहून परत येताना पाय उचलत नव्हता, आणि तो काही मुरगळल्यामुळे नाही. त्यांना नकार कळवला आहे.

सूनबाई, मी तुझ्याकडे येते. गुडघ्यांनी कौल दिलाय, तेव्हा खारूताईनं रुसू नये. तुझं टेबल मात्र परत माझ्या खोलीत आण. तू बेतत बस, मी बघत बसेन. पावसाळा सरला, की दोन महिने खारूताईकडचा खिडकीशेजारचा पलंग.

पंचसाहेब, सांगू नकोस म्हटलं होतं आणि तू लिहिलंस. हुशार आहेस. पण महिनाभर दोघींची मनं तुला दिसत होती. पटावर गप्प राहायचं असतं, घरात नाही.

शनिवारी सकाळी दहाला मला न्यायला तिघंही या. तू जा, तू जा करत बसलात, तर मी बोचकं घेऊन जिन्यातच बसून राहीन. लोभ आहे हे मला माहीत आहे. आता तो तोंडानं बोलत जा.

तुमची,
आई