धुरपता म्हातारीचा आवाज

१६ ऑगस्ट १९८२, सोमवार

जिल्हा झाला! काल झोपलो उस्मानाबादेत, आज उठलो लातुरात — अंथरूण तेच. पाऊसही तोच, म्हणजे न पडणारा.

शाळेपुढे झेंडा, पेढे, भाषणं. सरपंच व्यंकटराव पाटील तासभर बोलले. तेवढ्यात आणखी एक जिल्हा झाला असता. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. भोंगा दोनदा बंद पडला, मी नाही पडलो. नुसत्या गळ्यावर सभा ओढली.

शेवटी ठरलेला ओरडा — "गुरुजी, धुरपता! धुरपता होऊन जाऊ द्या!"

केली. बहात्तरच्या दुष्काळानंतर बसवलेली नक्कल, शंभरेक वेळा केली असेल. धुरपता म्हातारी घागर घेऊन पाटलाच्या विहिरीवर लांब उभी. "पाणी वाढा" म्हणायचंय. गळ्यात शब्द अडकतो, पिळवटतो, तुटतो. तिचं "पा" संपून "णी" येईपर्यंत सगळ्या बाया पाणी भरून घरी. लोक लोळतात. आज व्यंकटराव स्वतः डोळे पुसत होते. पाटलाच्या तोंडावर पाटलाला मारायचं आणि पाटलाकडूनच टाळी घ्यायची — आहे कोणाची हिंमत उदगीर तालुक्यात?

माय आली नव्हती. आताशा येत नाही.

२३ ऑगस्ट

ताप. सर्दी. घसा बसला. बायको म्हणते — "बसू द्या की जरा. घरात शांतता हाय."

२ सप्टेंबर

ताप उतरला. शाळेत गेलो. हजेरी घेताना "अशोक" म्हणायला गेलो आणि कोणीतरी गळा मुठीत धरला! आतून. दुखत नाही, खवखवत नाही. नुसती मूठ. जोर लावला तर आवाज तुकडे तुकडे होऊन बाहेर. पोरं खुसखुसली. किसन, तुकाराम, काशिनाथ — यांना काही नाही, सरळ निघाले. उत्तमला परत मूठ.

अशोक आणि उत्तम यांना आज गैरहजर लावलं. दोघं समोर बसलेले होते.

१२ सप्टेंबर

गावात आता पाण्यापेक्षा माझ्या गळ्याची चर्चा जास्त. प्रत्येकाकडे कारण तयार.

मुख्याध्यापक गुरुबसप्पा म्हणतात खडूची धूळ. त्यांनी वीस वर्षांत खडू हातात धरलेला नाही, म्हणून त्यांचा आवाज रेड्यासारखा. बायको — केवळा — म्हणते जिल्ह्याच्या दिवशी बर्फाचं सरबत प्यालात. ग्यानोबा, आमच्या वस्तीचा पुढारी, म्हणतो पाटलाचे पेढे खाल्ले. ("मी पण खाल्ले, पण मी थुकलो." खोटं. चार खाल्ले त्यानं.) व्यंकटराव म्हणाले — "जिभेनं आजवर जेवढ्यांना फाडलं गुरुजी, ते सगळे मिळून आता तुमच्या नरड्यात बसलेत." हे मात्र बरं होतं. मला सुचायला पाहिजे होतं.

मायनं कारण सांगितलं नाही. ती बोलतच कुठं. मी अडकलो की चूल सोडून वर बघते. आज न मागता कोमट पाणी आणून ठेवलं. प्यालो नाही.

२० सप्टेंबर

लातूर. डॉक्टरनं घशात आरसा घातला, जीभ फडक्यात धरून ओढली. जन्मात प्रथमच माझी जीभ कोणाच्या हाती लागली.

"पडदे एकदम स्वच्छ. गाठ नाही, सूज नाही. मनाचं आहे. कसलं टेन्शन?"

"तुमच्याकडं यायचं," मी कुजबुजलो.

"हे बघा! कुजबुज कशी स्पष्ट येते! म्हणजे काही नाही."

हे 'काही नाही' ऐकायला माणूस येस्टीत चार तास धूळ खातो.

५ ऑक्टोबर

वर्ग कुजबुजीत घेतो. पोरंही कुजबुजून उत्तरं देतात. सात नव्वे त्रेसष्ट — चोरांनी वाटणी करावी तसं. गुरुबसप्पा दारात उभे राहिले. "गुरुजी, कोणी मेलंय का?"

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र दिन. विहारात वंदना नेहमी मीच म्हणतो. यंदा नको म्हणालो, तर ग्यानोबानं ढकललंच पुढं. डोळे मिटले, बुद्धं सरणं सुरू केलं — आणि निघाला! माझा आवाज! अखंड, भरलेला, विहाराच्या पत्र्याला भिडणारा. पंचशील पूर्ण. एक अक्षर अडलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे, असं लिहून ठेवतो.

संपल्यावर वळलो, "आता बसून घ्या" म्हणायला गेलो. मूठ!

ग्यानोबा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "गुरुजी, हे कसं ओ? वंदनेला घंटा, अन् आमच्यासंगं बोलायचं म्हटलं की फुटकं मडकं?"

मलाच ठाऊक असतं तर.

३ नोव्हेंबर

वस्तीचा आड आटला. तळाशी चिखल, एक बेडूक, आणि कोणाची तरी पडलेली बादली. दोन मैलांवरून ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी. बाया पहाटे जातात, उन्हं चढल्यावर येतात.

बातमी अशी की नव्या जिल्ह्यानं टंचाईत गावाला एक हातपंप दिला. एकच. जागा कुठली, ते जिल्ह्याचे साहेब गावात येऊन, दोन्हीकडचं ऐकून ठरवणार. व्यंकटरावांना मारोतीच्या पाराजवळ पाहिजे — म्हणजे त्यांच्या दारात. आम्हाला वस्तीत. पाराजवळ झाला तर काय होईल हे लिहायला नको. कायदा सगळ्यांना सारखा. घागरी लांब ठेवायला कायदा सांगत नाही, नजरा सांगतात.

वस्तीची बैठक झाली. बोलणार कोण? मीच. बाकी कोणाला साहेबापुढं चार वाक्यं धड येतात? ग्यानोबा मात्र म्हणाला, "त्या दिवशी तरी गळा विहारातला आणा. पाटलाच्या पेढ्याचा नको."

१८ नोव्हेंबर

नांदेड. इथला डॉक्टर तरुण, अहंकार कमी. बोलायला लावलं, गायला लावलं, हसायला लावलं. हसणं स्वच्छ आलं. मग म्हणाला, "गुरुजी, गळा चांगला आहे. डोक्यातून गळ्याला येणारा हुकूम चुकतो. बोलायचं म्हटलं की पडदे गरज नसताना घट्ट मिटतात. गाताना, कुजबुजताना तसं होत नाही. लोक ढोंग म्हणत असतील?"

हो म्हणून मान हलवली.

"कशानं होतं?" मी कुजबुजलो.

"पक्कं कोणालाच माहीत नाही. कोणाला सर्दीतापानंतर सुरू होतं, कोणाला मोठ्या ताणानंतर, कोणाला बसल्याबसल्या. बहुतेक तुमच्याच वयात. बरं होईल असं खोटं सांगणार नाही."

मी विचारलं — तोडत तोडत — "दुसऱ्याची नक्कल करून होतं का?"

तो हसला. "नाही हो. तसं असतं तर सगळे नट मुके झाले असते."

वाईट वाटलं. शिक्षा असती तर बरं होतं. शिक्षेला निदान कारण असतं.

मग त्यानं विचारलं, "घरात कोणाला होतं असं?"

मी म्हणालो — नाही.

१९ नोव्हेंबर

इथं कोणी वाचणार नाही, तर लिहूनच टाकतो. आहे. मायला. माझ्याएवढी असतानाच सुरू झालं तिचं. एका सुगीत बसलेला घसा उठलाच नाही. डॉक्टर कुठला, धूप, अंगारा, कोंबडं, आणि शेवटी "चांगुणाबाईला आता सवयच लागली तशी." बहात्तरला ती पाटलाच्या विहिरीवर उभी राहायची. "पाणी वाढा" तिच्या तोंडातून निघेपर्यंत विहिरीवरच्या बाया तिला वेडावायच्या. मी लांबून बघितलं होतं. त्र्याहत्तरला शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच स्टेजवर आणलं. चांगुणा खोडून धुरपता लिहिलं, एवढीच माझी प्रतिभा.

पण पाटलावरच होती ती नक्कल! जुलमावर! लोक आवाजाला हसायचे हा लोकांचा दोष. आणि त्या दिवशी खुद्द माय बायांच्या पहिल्या ओळीत बसली होती. पदर तोंडाला, खांदे गदगदा हलत होते. हसत होती! हे मी प्रत्येक कार्यक्रमात सांगतो — "ज्या माउलीचा आवाज घेतला, तीच सगळ्यात जास्त हसली." याला हमखास टाळी.

११ डिसेंबर

उदगीरच्या स्टँडवर व्यंकटराव भेटले. सगळ्यांसमोर — "काय गुरुजी, आवाज गिळला का विकला?" आजूबाजूचे हसले. मी तोंड उघडलं. पूर्वी असल्या माणसाचं धोतर मी एका वाक्यात सोडायचो. वाक्य तयार होतं, सुरेख होतं! त्यातला पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत ते बसमध्ये बसून खिडकीतून हात हलवत होते.

वस्तीत बातमी माझ्या आधी पोचली — पाटलानं गुरुजीला फोडलं.

केवळा भाकरी थापता थापता म्हणाली, "फोडलं असतं तर एक घागर तरी आली असती घरी."

९ जानेवारी १९८३

साहेब बारा तारखेला येणार.

ग्यानोबा आला. सोबत त्याची लेक पंचफुला, दहावीतली. म्हणाला, "गुरुजी, राग धरू नगा. तुम्ही कागद लिहून द्या, ही वाचंल. खणखणीत वाचती."

पोरगी मान खाली घालून उभी. माझीच विद्यार्थिनी. वाचते चांगलं, हे खरं.

माझी वाक्यं, आणि परकर सावरत पंचफुला बोलणार? आणि मी बाजूला कोपऱ्यात, मुका? व्यंकटराव बघणार? मी मान हलवली — मीच बोलेन.

"पाण्याचा सवाल हाय," ग्यानोबा म्हणाला.

"माहीत आहे" म्हणायला मला इतका वेळ लागला की तो निघून गेला.

मायनं आतून बाहेर येऊन माझा दंड धरला. काहीतरी म्हणायचं होतं तिला. मी हात सोडवून घेतला. दोघांचे गळे एकत्र अडकलेले ऐकायला मला वेळ नव्हता.

१२ जानेवारी

लिहितो. सगळं लिहितो.

शाळेचं मैदान, सगळा गाव. साहेब खुर्चीत, बाजूला त्यांचे चार कागदवाले. व्यंकटराव बोलले — लबाड, गोड, सलग. मग साहेब म्हणाले, "वस्तीच्या वतीनं?"

मी उठलो. तीन रात्री बसून कागदावर वाक्यं निवडली होती. स्वरांनी सुरू होणारी सगळी काढून टाकली होती, क-त-प असल्या कठोर अक्षरांची ठेवली होती. पहिलं वाक्य — "पाणी वस्तीत पाहिजे." त्यात अडण्यासारखं काय आहे?

"पा—"

मूठ. जोर लावला. "पा— आ—" तुटलं, चिरकलं, परत "पा—"

मागून कोणीतरी ओरडलं, "धुरपता!"

आणि मैदान फुटलं! टाळ्या. शिट्ट्या. पोरं पुढं सरकली. त्यांना वाटलं गुरुजींनी साहेबांसाठी खास नक्कल काढली. दहा वर्षं शिकवलेलं पाठ होतं त्यांना — कुठं हसायचं, किती हसायचं. मी हात वर केला. धुरपतासुद्धा तिथं हात वर करते. "हसू नका" म्हणालो. तेही तुकड्यातुकड्यांत. नवं वाक्य! लोक जमिनीवर. व्यंकटरावांनी साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं, साहेबांचा चेहरा उजळला, तेही हसू लागले. रुमालानं चष्मा पुसला. "वा! आपल्या जिल्ह्यात असे कलावंत आहेत तर!" व्यंकटरावांनी स्वागताला दिलेली शाल साहेबांनी स्वतःच्या खांद्यावरून काढून माझ्या खांद्यावर टाकली.

आमची वस्ती तेवढी हसत नव्हती. ग्यानोबा उठून "साहेब, पाणी..." म्हणाला, पण तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

पंचफुला पहिल्याच ओळीत होती. माझ्या कागदाची नक्कल तिच्या मुठीत. तिनं ती कुठून मिळवली, विचारलं नाही. एकदा अर्धी उठली. माझ्याकडं बघितलं. मी नजर काढून घेतली. ती बसली.

१३ जानेवारी

शाल केवळानं दारात पायपुसणं म्हणून टाकलीय. ओलांडून गेलो.

२ फेब्रुवारी

मारोतीच्या पाराजवळ पंप बसला. दीडशे फुटांवर पाणी, गोड. नारळ व्यंकटरावांनी फोडला. सूत्रसंचालन कोणीच केलं नाही. कोणाला उणीव वाटली नाही.

केवळा रोजगार हमीच्या खडीवर जाते. मग पाण्याला माय. सत्तर वर्षांची. मी जातो म्हणालो तर केवळा म्हणाली, "तुम्ही गेलात की तिथं खेळच व्हतो."

संध्याकाळी शाळेच्या खिडकीतून पार दिसतो. पंपापासून वीस पावलांवर माय उभी होती, घागर खाली ठेवून. पंपावर चार जणी. मायनं तोंड उघडलं. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मला ऐकू आलं. पंपाजवळच्या एका पोरीनं हात वर करून धुरपता केली. चांगली केली. माझ्याच पद्धतीनं.

५ फेब्रुवारी

आज मायला विचारलं. कुजबुजून — मला तेवढंच येतं. "त्र्याहत्तरला, गॅदरिंगला... तू हसली होतीस ना, माय?"

एक भाकर भाजून होईल एवढा वेळ लागला तिला. या वेळी मी थांबलो.

"हसत न्हवते रे. बस कर म्हणत होते."