नऊ दिवसांचं पाणी

प्रिय धाकट्या,

तुझं पार्सल पंधरवड्यापूर्वी पोचलं. तुझा एक जुना लोकरी कोट, साबणाच्या दोन वड्या आणि दादांच्या पायाला चोळायचं तेल. टपालहशील तू भरलं होतंस, तरी पोस्टमनने चार पैसे जादा घेतले. दोरी वजनात धरली नव्हती म्हणे. दोरी गुंडाळून ठेवली आहे. उत्तराला उशीर झाला, कारण हातात शिवण होती.

तुझे दादा बरे आहेत. बोट हाकायचा सारंगाचा परवाना गेल्यापासून कोळशाच्या वखारीत काटा धरतात. तळ्याकडची वाट सोडून मागच्या गल्लीने जातात, कारण धक्क्यावरच्या फळ्यावर तो कागद अजून आहे: ‘सारंगाच्या बेपर्वाईमुळे बोट बुडाली.’ पावसाने शाई पुसली जाईल म्हणून मी वाट पाहत होते, तर कुणीतरी वर काच बसवली.

आपल्या बोटीला लोक ठेंगणी म्हणायचे. लाकडाची, बेताची, पण शिटी अशी की पलीकडच्या काठावरच्या शेळ्या उठून बसाव्यात. सव्वीस वर्षं टपाल, बर्फ, बाळंतिणी, एकदा तर एका मास्तरांचा रुसलेला जावई, सगळं तिने नेलं-आणलं. तिच्या शिटीवर मी चूल पेटवायचे. सासूबाई गेल्या तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. दुपारी ठेंगणीच्या कोळशाच्या पोत्यांवर झोपायचास आणि संध्याकाळी माझ्या हातचं जेवायचास. लाकडी बोटीचं मर्म दादांनी तुला तेव्हाच सांगितलं होतं. दरवर्षी तिला काठावर ओढून डांबर लावायचं. तेवढ्यात उन्हाने फळ्या सुकतात, सांधे उघडतात. म्हणून फेऱ्या सुरू करण्याआधी नऊ दिवस वळणापलीकडच्या उथळ पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे मिटतात. मग पाणी उपसायचं आणि निघायचं.

ती बुडाली त्या वर्षी डांबर लावताना दादा पडले, पाय प्लास्टरमध्ये. बोटीचा भट्टीवाला गावी गेलेला, तेव्हा काम एकट्या तुझ्यावर आलं. बारा तारखेला सकाळी दादा काठी टेकत बोटीवर चढले. तळात उतरून सांधे चाचपणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून विचारलं, “नऊ दिवस पाजलंस ना रे तिला?” तू म्हणालास, “पोटभर, दादा.” मी डबा द्यायला आले होते, मी ऐकलं. तासाभराने मधल्या खोल पाण्यात सगळे सांधे उलले. कोळ्यांनी होड्या घातल्या म्हणून एकतीस माणसं वाचली. दादा शेवटी उतरले. चौकशीत एवढंच म्हणाले, “मी बघायला हवं होतं.” तू शेजारी मान खाली घालून उभा होतास. मला वाटलं, दुःखाने.

तर कोट. दादांना आखूड होतो, म्हणून उसवून, आतली बाजू बाहेर काढून, हात लांबवून शिवावा म्हटलं. फाटक्या खिशातून अस्तरात घसरलेली एक पावती हाताला लागली. शहरातल्या लॉजची, तुझ्या नावाची, खाली तुझी सही. त्याच महिन्याच्या तीन तारखेपासून अकरा तारखेपर्यंत, आठ रात्री. आताची ही लोखंडी बोटीवरची नोकरी बघायला गेला होतास. अकराच्या संध्याकाळी परत येऊन बाराच्या सकाळी ठेंगणीला तशीच कोरडी पाण्यात लोटलीस.

पोथी मी रोज वाचते. क्षमेचा अध्याय आला की सध्या पानं दोन बोटांत धरून पुढे जाते. देवाला माझी अडचण कळत असावी.

दादांना यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर ते पावती चुलीत घालतील. म्हणून सोमवारी मीच ती चौकशीच्या साहेबांना नेऊन दिली आणि कानांनी ऐकलेलं लिहून खाली सही केली. तुझ्या नव्या मालकांनाही नक्कल गेली आहे. वीस तारखेला धक्क्यावरच्या कचेरीत तुला बोलावणं येईल. काच राहू द्या, आतला कागद तेवढा बदला, असं साहेबांना सांगून आले आहे. कोट तुझ्याच मापाचा परत शिवून ठेवलाय, चारचौघांत नीट दिसायला हवास. कोणत्या गाडीने येतोस ते उलट टपाली कळव.

तुझीच,
वहिनी