खोलीत कोण होतं

हेमलॉक खोरं, केंटकी
११ मे २०१९, शनिवार

चि. डॅरेल,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. नॅशव्हिलमध्ये आशीर्वादाचं काय करतात मला माहीत नाही, पण आईनं लावलेली सवय आहे, सुटत नाही.

पत्र बघून दचकू नकोस. फोन करून थकले म्हणून कागद घेतला. तुझ्या ऑफिसातली ती मुलगी इतक्या गोड आवाजात बोलते की माणसाला धड रागावताही येत नाही. "सर खोलीत बसलेत," म्हणते. पहिल्यांदा मला वाटलं, आजारी पडलास की काय. मग लक्षात आलं, तुमच्यात खोलीत बसणं म्हणजे गाणं लिहिणं. तीन-चार जण दार लावून बसतात, मध्ये कॉफीचं भांडं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाचं तरी काळीज मोडून तयार.

इकडे ठीक आहे. यंदा रानकांदा भरपूर आला, मी पोतंभर खणून आणला आणि बटाट्यात परतून घातला. आता घराला वास आहे, मलाही आहे. कुत्री पुन्हा व्यायली. छपराचा पत्रा मागच्या वादळात उचकटला होता, तो मीच ठोकला. बाबा खोकतात. त्यांचा तुझ्यासाठी एक निरोप आहे. तो मी शेवटी सांगणार आहे, कारण आधी सांगितला तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि मला बरंच बोलायचं आहे.

माझं गाणं विचारशील तर चालू आहे. विचारणार नाहीस, तरी सांगते. शनिवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये अजून नाच असतो. व्हर्जिल अजून स्टील गिटार वाजवतो, सांधे सुजलेत तरी. आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये नवी रेकॉर्ड केली. एका माइकभोवती उभं राहून, जुन्या पद्धतीनं, चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. कुठल्या कंपनीनं विचारलं नाही आणि मीही कुणाच्या दारात गेले नाही. गाडीच्या डिकीतून विकते. म्हातारे लोक घेतात, त्यांच्याकडे वाजवायचं यंत्र नसतं, तरी घेतात.

मागच्या महिन्यात काय झालं ते ऐक. मी आईचं कडवं गायले. सगळं गाणं नाही, ते डोंगरावरच गायचं असतं, पण आईचं कडवं मी कधीकधी हॉलमध्ये गाते, तिला लोकांसमोर यायला आवडायचं. संपल्यावर एक बाई आली. कोरी टोपी, कोरे बूट, चिखल कधी पाहिलेला नाही. म्हणाली, "तुमचा आवाज फार छान आहे हो, पण शब्द चुकलात."

म्हटलं, "कुठले?"

"सगळेच की! त्यात आई झोपाळ्यावर बसलेली असते. रेडिओवर लागतं ना ते." आणि मला गाऊन दाखवलं. हॉलमध्ये उभी राहून, बोट हलवत, मास्तरीणबाईसारखी. व्हर्जिलनं मान वळवली आणि उगाच तारा पुसत बसला. मी त्या बाईला म्हटलं, "बरं झालं सांगितलंत." दुसरं काय म्हणणार होते? आपल्या घराला झोपाळा कधी नव्हता, डॅरेल. आई बसलेली कुणी पाहिली होती का, झोपाळ्यावर किंवा कशावर?

तू विसरला असशील, म्हणून पुन्हा सांगते. तुला राग आला तर येऊ दे. मे महिन्याच्या शेवटी आपण कबरी सजवायला डोंगरावर जातो. गवत कापतो, फुलं ठेवतो, चादरी अंथरून जेवतो, आणि मग ते गाणं म्हणतो. ज्याचं त्याचं एकेक कडवं, नाव घेऊन. वर्षात घरातलं जे माणूस गेलं त्याचं नवं कडवं जोडायचं. नियम दोनच. कडव्यात एक गुण हवा आणि एक खोड हवी, दोन्ही खरी, कारण नुसते गुण पाद्रीबाबा सांगतोच. आणि ज्याचं कडवं आहे त्यानं ते जिवंतपणी ऐकायचं नाही. हायरम काकांचं आठवतं? तोंडभर हसणारा माणूस, आणि एकच खेचर दोघांना विकलं. दर वर्षी त्या ओळीला सगळा डोंगर हसतो आणि काकूही हसायची, एप्रननं डोळे पुसत. पणजीनं सुरू केलं, आजीनं चालवलं, आईनं चालवलं. आई गेल्यावर तिचं कडवं मी लिहिलं:

ओमाच्या त्या दोन सुऱ्यांना गंज न चढला काही,
एक बटाटे सोलायाची, दुसरी तोंडी राही.

तू ते डोंगरावर ऐकलंस आणि रडलास. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मला वाटलं, पोरगं आपलं आहे अजून.

आणि ते तू खोलीत नेलंस. तिथल्या तिघांना ती तोंडातली सुरी बोचली असेल. सुरी गेली, झोपाळा आला. झोपाळ्याशेजारी थंड बिअर आली, अंगणात ट्रक आला, आणि आई देवदूत झाली. नाताळात तू आलास तेव्हा मी विचारलं, गाणं लिहिणाऱ्यांची चार नावं छापली आहेत, माझं कुठं आहे? तू किती शांतपणे समजावलंस! लहान पोराला समजावतात तसं.

"आर्डी, तिकडची रीत आहे. खोलीत जो असेल त्याचं नाव. कुणी एक शब्द सुचवो नाहीतर नुसती मान डोलावो, वाटा सगळ्यांचा सारखा. त्यावरून भांडायचं नाही, म्हणून तर धंदा चालतो."

"आणि ज्यानं आधी लिहिलं तो?"

"तो खोलीत नव्हता ना गं."

मी तेव्हा गप्प बसले. बाबा ऐकत होते, म्हणून. आणि खरं सांगायचं तर रीत मला पटलीही. वाईट नाही. जो बसला त्याचा वाटा. लक्षात ठेव हे वाक्य, पुढे लागणार आहे.

इथं थांबावं लागलं. बाबांनी हाक मारली.

दुपार झाली. त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली, श्वासाच्या यंत्राचं पाणी बदललं. आता मागच्या खोलीतच असतात ते. नाताळात तू पाहिलंस तेव्हा निदान पुढच्या खोलीत खुर्चीत तरी होते. खाणीनं भरलेली छाती आता काही सोडत नाही आणि काही घेतही नाही. डॉक्टरीणबाई परवा येऊन गेली. तिनं मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, आणि आत येऊन बाबांना सांगितलं की हवा छान पडली आहे. ते म्हणाले, "पडली असेल, माझ्यापर्यंत नाही पोचली."

आता निरोप.

दोन आठवड्यांमागे ते म्हणाले, "आर्डी, माझं कडवं झालंय का?"

मी म्हटलं, "असलं विचारायचं नसतं."

"नियम मला सांगू नकोस. तुझ्या आईनं माझ्याकडून पाठ करून घेतलेत. झालंय ना? मला माहीत आहे तुला. ऐकव."

मी नाही म्हटलं. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तुला त्यांचा हट्ट माहीत आहे, त्याच हट्टावर आपण वाढलो. शेवटी गिटार घेतली आणि पलंगाशेजारी बसून म्हटलं. तुलाही ऐकवते, कारण तुला कळायला हवं:

कबर खणाया पहिला एस्टिल, मोल कधी ना घेई,
संपाच्या त्या हिवाळ्यात तो मागिल वाटे जाई,
ताट आमुचे भरले त्याने, मान घातली खाली,
शेजाऱ्यांनो, खणा कबर ही, वेळ तुम्हांवर आली.

तू तेव्हा पाळण्यात होतास. तुझ्या छातीत कफ होता आणि घरात पीठ नव्हतं. सगळं खोरं संपावर, आणि बाबा पहाटे मागच्या पायवाटेनं खाणीत उतरायचे. सगळ्यांना कळलं होतं. कुणी तोंडावर बोललं नाही, कुणी तोंडही दाखवलं नाही. तेव्हापासून या खोऱ्यात कुणीही मेलं की पहिली कुदळ बाबांची. शेजारच्या ग्रेडीच्या बायकोची कबर त्यांनी गोठलेल्या जमिनीत एकट्यानं खणली. ग्रेडी तिथं उभा होता. "उपकार झाले," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पस्तीस वर्षांच्या अबोल्यात गेला.

माझ्या हातून याहून चांगलं कडवं झालेलं नाही आणि होणारही नाही. मला ते कळतं. चाळीस वर्षं गाणी लिहितेय, एवढं कळतं.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. नळीतून श्वास चालला होता. मग म्हणाले, "चांगलं आहे. खरं आहे सगळं." आणि मग म्हणाले, "डॅरेलला विचार, तो काय लिहील."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते म्हणाले, "डॅरेल गोड लिहितो. तुझ्या आईला झोपाळा दिला त्यानं. मला पण काहीतरी देईल."

बघ, मी काय करणार होते? मी त्यांचं अंग पुसते, मी त्यांचा घास बारीक करते, मी त्यांची ती संपाची गोष्ट पोटात घालून तिचं सोनं केलं. आणि त्यांना हवा तुझा झोपाळा. मला फार वाईट वाटलं, डॅरेल. आई गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन घेवडा चुलीवर ठेवला आणि करपेपर्यंत तिथंच उभी राहिले.

तेव्हापासून रोज विचारतात. "डॅरेलचं आलं का?" दुपारी टपालाची गाडी वळणावर वाजली की मान उचलतात. मी सांगते, "तो खोलीत बसलाय, बाबा." ते मान डोलवतात. अभिमानानं डोलवतात, ते मला जास्त लागतं.

तर आता माझं ऐक. गोड लिही. हवं तितकं गोड लिही. संप काढून टाक, मागची पायवाट काढून टाक, त्यांना घोडा दे, नदी दे, काय द्यायचं ते दे. खरं गाणं हवं की खोटं, यावरून मी आजवर सगळ्यांशी भांडले, हॉलवाल्यांशी, रेडिओवाल्यांशी, तुझ्याशी. मरणाऱ्या माणसाशी भांडायची ताकद माझ्यात नाही. त्यांनी आयुष्यभर मान खाली घातली, शेवटी एकदा वर करून बघायची असेल तर बघू देत.

पण ते टपालानं पाठवू नकोस. त्या गोड आवाजाच्या मुलीकडून फोनवर वाचून घेऊ नकोस. आणि त्या तिघांना घेऊन लिहू नकोस, कारण मला लगेच कळेल, ओळीला चार माणसांचा वास येतो. एकटा लिही आणि इथं येऊन गा. मागच्या खोलीत, त्या पलंगाशेजारी. यंत्र घरघरतं, तुला सूर धरायला त्रास होईल. मला रोज होतो.

तू आलास, तर माझं कडवं मी चुलीत घालीन. तुझ्यासमोर. ते आपण तिघांनी ऐकलं, चौथ्याच्या कानावर पडणार नाही. वेळ येईल तेव्हा डोंगरावर तुझं कडवं म्हणू, मीच आवाज लावीन, ग्रेडीसमोर, सगळ्यांसमोर, एक शब्द न चुकता. आजवर मी माझी एक ओळ कुणासाठी बदलली नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा मी काय देऊ करतेय तेही तुला कळेल.

तू नाही आलास, तर कडवं तर लागणारच. आणि डोंगरावर एकच कडवं असेल, माझं. सगळं खोरं ऐकेल. तेव्हा मला विचारायला येऊ नकोस, की बाबांच्या वाट्याला हे का आलं. मी तुझंच वाक्य तुला सांगीन.

रीत तुमचीच आहे. खोलीत जो असेल त्याचा वाटा. इथं एक खोली आहे. पलंगाच्या एका बाजूला मी बसते. दुसऱ्या बाजूला खुर्ची ठेवली आहे, बाबांनीच ठेवायला लावली, आणि तिच्यावर कपडेसुद्धा टाकू देत नाहीत. निम्मा खोकला तुझा, निम्मं जागरण तुझं, आणि ते शेवटचं जे काय असेल त्यातलं निम्मं तुझं. सारखा वाटा. भांडण नाही.

टपालाची गाडी येईल आता. बाबांनी आतून विचारलं, कुणाला लिहितेयस. मी म्हटलं, डॅरेलला. म्हणाले, "त्याला घाई करू नकोस. गोड गोष्टीला वेळ लागतो."

वेळ नाही, डॅरेल.

खोलीत असलेली,
आर्डिथ