हेड उतरवलं तेव्हा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उदगीर,
१७ मे २००१

चि. राजशेखर यास,
वीरण्णाचे अनेक आशीर्वाद.

घरात सगळे हातीपायी धड आहेत, त्यापुढे खुशाली लिहिण्यासारखं काही नाही. तुझ्या पुतणीची सीईटी चुकली. अप्पांची अॅम्बॅसडर नळेगावच्या अलीकडे उकळली आणि बंद पडली. एका जीपला हात करून लातूर गाठलं, तर केंद्राचं फाटक लागून चाळीस मिनिटं झालेली. शिवानी दोन वर्षं पहाटे चारला उठत होती रे. पोर एसटीने जाऊ म्हणत होती. मीच शहाणा, म्हटलं घरची गाडी असताना धक्के कशाला खायचे!

खाजामियाँना गॅरेजसमोर चार लोकांत वाटेल ते बोललो. अप्पांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याच हातची. मार्चपासून गाडी आपल्याकडे आलीच न्हाई, एवढंच ते म्हणत राहिले. भूकंपात याच गाडीतून किल्लारीचे जखमी नेले, तेव्हा तो माणूस तीन दिवस गाडीसोबत होता. तरी माझी जीभ थांबली नाही. आता त्यांना कोणत्या तोंडाने बोलावू? येत्या रविवारनंतरच्या रविवारी अंगणात मीच इंजिनाचं हेड, ते वरचं झाकण, उतरवून बघणार आहे. अप्पांचे पाने आहेतच.

आहे तसाच लोभ ठेव.
वीरण्णा

लातूर,
२२ मे २००१

ती. अण्णांस,
राजशेखरचे शरणार्थ. वि. वि.

पत्र वाचून घास गिळवला नाही. शिवानीने मनाला लावून घेऊ नये. जूनपासून माझ्या रिपीटर बॅचमध्ये तिला पहिल्या बाकावर बसवतो. फी घेतली तर अप्पा वरून कान पिळतील! यंदा नांदेडहूनही पोरं येऊन राहिलीत, क्लासमध्ये उभं राहायला जागा नाही. पण ती घरची.

गाडीला मात्र हात लावू नका. तुम्ही तूरडाळ तोलणारे, इंजिनाच्या वाटेला कशाला जाता? इथे मोंढ्यात संगप्पा म्हणून गिऱ्हाईक आहे, न उघडता आहे तशी घेतो म्हणतो. खाजामियाँची नजर आता अधू झाली, त्यांच्यावर रागावलात ते काही चुकलं नाही.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.
आपला,
राजू

उदगीर,
२८ मे २००१

राजशेखर,

हेड उतरवलं. दोन नट गंजले होते, रॉकेल घालून ठेवले तेव्हा सुटले. शिवानी शेजारी बसून नट डब्यात ठेवत होती. गॅस्केट जळालं होतं, हेडला बोटभर तडा होता. पण पाणी फिरायच्या वाटा हळदीच्या गाळाने बुजलेल्या होत्या. रेडिएटर गळाला तर गळती बुजवायला चिमूटभर हळद टाकायची, गॅरेज गाठायचं आणि सगळं पाणी काढून धुवायचं, हे अप्पांनी आपल्या दोघांनाच शिकवलं होतं. तू पुडाच ओतलास आणि धुतलं नाहीस. गाडी गावातल्या गावात चालली, लांब पल्ल्यावर उकळली.

हे मी शोधून काढलं असं समजू नकोस. पिवळा गाळ दिसताच शिवानी डबा टाकून रडायला लागली. मार्चमध्ये क्लासच्या पाट्या लावायला नेलेली गाडी तू परत आणलीस, तेव्हा दारात हळद ओतताना तिने तुला पाहिलं होतं. बाबांना सांगू नको, दोन दिवसांत येऊन दुरुस्त करतो, असं तू तिला म्हणालास. काकाला शब्द दिला म्हणून पोर गप्प बसली. तू दोन महिने फिरकला नाहीस.

आणि हे ठाऊक असून मला लिहितोस की, खाजामियाँवर रागावलो ते चुकलं नाही! तुला भाऊ म्हणायची लाज वाटते. काल त्याच चार लोकांत त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांनी घरी येऊन गाळ बोटावर घेतला, काय ते ओळखलं, पण तुझं नाव घेतलं नाही.

तुझ्या पहिल्या बाकाचं शिवानीला विचारलं. काका फळ्यावर लिहितील ते खरं धरायचं का, असं तिने मला विचारलं.

वीरण्णा