सांडणी नदीत उतरली तेव्हा

३ ऑक्टोबर, गुरुवार
हरसुख मेहता येत्या पुनमेला गोष्ट सांगणार! वाचनालयाचा परसोत्तम पत्रिका देऊन गेला. वाचनालयासमोरच्या चौकात, उघड्यावर, आपल्याच तालुक्यातले पाच लेखक. कागद हातात घ्यायचा नाही, आणि प्रत्येकाच्या शेजारी वाक्यावाक्याला 'हां' म्हणत हुंकार देणारा एक माणूस. हरसुखच्या नावापुढे छापलंय — 'आंधळी सांडणी'.

चोर! ती गोष्ट आमच्या यांची. यांनी रचली. टपाल वाटून आले, जेवण झालं, की ओसरीवर लेकीला सांगायचे आणि हुंकार मी द्यायची. हरसुख बाजूला बसून चहा ढोसायचा. वर्षभरात त्याचं पुस्तक आलं. त्यात सांडणी होती, तिच्या पुढे चालणारा घुंगराचा बैल होता, नदी होती. यांचं नाव कुठेच नाही!

हे नुसते हसले. पण त्यानंतर ती गोष्ट तोंडातून निघाली नाही. लेक मागे लागली तर म्हणायचे, "पुस्तकात आहे, वाच." बावीस वर्षं झाली त्याला. हे जाऊनही सहा झाली.

५ ऑक्टोबर
गरब्याला गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. खोटं.

८ ऑक्टोबर
हरसुखची बायको निर्मळाभाभी आली. "झवेरबेन, एक मागणं आहे. त्यांना हुंकार तुम्ही द्या."

"का? त्यांचा नेहमीचा माणूस मेला का?"

"त्याच्या हुंकारावर गाडी पुढे जात नाही हो. ही गोष्ट तुमच्याच आवाजाबरोबर त्यांच्या कानात बसलीय."

निगरगट्टपणा बघा! माल आमचा उचलला, आता ओझ्याला हातही मीच लावायचा. मी विचारलं, "त्यांना स्वतः यायला काय झालं?" तिनं खाली बघितलं. "येतील."

हो म्हटलं. का म्हटलं, ते तिला काय माहीत! सांडणी नदीत उतरते तिथे मी गप्प बसणार. हुंकार तुटला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. अख्ख्या गावासमोर अडखळू दे मेल्याची.

१२ ऑक्टोबर, दसरा
दोघं फाफडा-जलेबी घेऊन आले. हरसुखनं जलेबी खाल्ली, बोटं चाटली आणि मला विचारलं — "आणि तुम्ही कोण, बेन?"

माझ्या हातचा इतका चहा पिऊन! "मस्करी करतात," भाभी घाईघाईनं म्हणाली. जाताना दारात थांबून पुन्हा, "घर कुणाचं हे?" यांचा फोटो समोर भिंतीवर! माज तरी किती चढावा माणसाला. मनात थोडी चलबिचल होती, ती आज संपली.

१५ ऑक्टोबर
गप्प बसायचा सराव केला. भाकरी थापताना गोष्ट मनात म्हटली. नदीपाशी आले की आपोआप 'हां' निघतं. शेवटी पदर दातांत धरला.

१७ ऑक्टोबर
काल झालं. रात्री लिहवेना.

मेला सांगतो मात्र छान. थेट यांच्यासारखं, मधला खोकलासुद्धा. "बैल पुढे चालला." हां. "घुंगूर वाजतोय." हां. "सांडणी नदीत उतरली."

मी गप्प.

तो थांबला. "सांडणी नदीत उतरली." परत तेच. तिसऱ्यांदा तेच. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "हां भाई, हां! पुढे हाका!" त्यानं तिकडे बघितलंही नाही. माझ्याकडेच बघत राहिला, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. शेवटी भाभी मंचावर आली आणि दंडाला धरून त्याला खाली घेऊन गेली.

मग दूध-पोहे वाटले. मी दोन वाट्या खाल्ले. गोड लागले!

१९ ऑक्टोबर
भाभी आली. भांडेल म्हणून कंबर कसून बसले होते. ती म्हणाली, "दीड वर्ष झालं, बेन. आठवणीतून लेकांची नावं गेली, घरची वाट गेली. एवढी एकच गोष्ट उरली होती. मी लाज झाकत बसले, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं." चहा न घेता गेली.

राग आला. तिचा, त्याचा, माझा. सगळं आठवत असलेला हरसुख पाडायचा होता मला! तो कधीच निसटला.

२३ ऑक्टोबर
आज दुपारी हरसुख एकटाच आला, अनवाणी. ओसरीवर बसला. म्हणाला, "इथे कुणीतरी सांडणीची गोष्ट सांगायचं. फार छान. कुणाची हो ती?"

"माझ्या मालकांची. मूळजी टपालवाल्यांची."

"मग आधी त्यांचं नाव घ्या, बेन. नाव न घेता सांगितली तर ती चोरी होते." त्यानं मांडी घातली. "सांगा. हुंकार मी देतो."

नाव घेतलं. पार नदीपलीकडपर्यंत सांगितली. त्याचा हुंकार एकदाही चुकला नाही.