आईची वाशीतली खरेदी

वाशी,
२० जानेवारी १९८६

प्रिय नामदेव,

सप्रेम जयभीम. पुढच्या शुक्रवारी सकाळी आई एसटीनं परभणीला पोचेल. हे तिच्यासोबत येतायत. तू स्टँडवर ये. सामान बरंच आहे, आपल्या आईनं अर्धी वाशी बांधून घेतलीय.

काल तिला खरेदीला नेलं. गावाकडच्या सगळ्यांना इथलंच काहीतरी न्यायचं, असा तिचा हट्ट. वाशीगावात खाडीकाठी कोळणी सुकी मासळी घेऊन बसतात, तिथं तीही फतकल मारून बसली. "आमच्याकडं समिंदर न्हाई बाई, त्याचा वास तरी न्यावा," म्हणत बोंबील आणि जवळा घेतला. कोळीण खूश झाली. "ने आये, आमचे खाडीची आठवन हाय," म्हणत तिनं वर मूठभर जवळा टाकला. मुक्ताकाकूसाठी मिठागरातलं जाडं मीठसुद्धा घेतलं बघ! वाटेत दम लागला की आई दुकानाच्या पायरीवर टेकायची. मी बघतेय असं दिसलं की पदरानं घाम पुसून, कुणाला काय द्यायचं ते पुन्हा सांगत बसायची.

मग तुझ्या वैजूसाठी फ्रॉक. लेकरू अजून रांगतंय, आणि आईनं शाळेतल्या पोरीच्या मापाचा काढायला लावला. दुकानदार म्हणाला, "मावशी, हा तिला पाच-सहा वर्षांनी होईल." आई म्हणाली, "होऊ दे की. तवाच घालायचा हाय." मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

नामदेव, आई हवापालटासाठी आलीय असं तुला कळवलं होतं. तसं नाही रे. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या चालल्या होत्या. पोटातली गाठ आता काढता येण्यासारखी राहिली नाही, घरी न्या, म्हणाले. मी तिला काही बोलले नव्हते, पण तिला सगळं कळलंय. काल घरी आल्यावर म्हणाली, "जया, नाम्याला आधी कळीव. स्टँडवर येकदम रडाया लागला, तर मला न्हाई सोसायचं." म्हणून हे पत्र. मिळालं की शेतात जा आणि पोटभर रडून घे. मी इथं मोरीत नळ सोडून रडते. मग शुक्रवारी तोंड धुऊन ये, आणि मुंबई कशी वाटली ते तिला विचार. तिला खूप सांगायचंय.

तुझीच,
जयाताई