सहावं हेक्झेन

आई, तुझी ती लाडकी परवा भेटली. साखरखेर्ड्याची, नांदुऱ्याला मामाकडे राहून तू शिकवायचीस त्या मुलींच्या शाळेत शिकलेली, मॅट्रिकनंतरच्या उन्हाळ्यात रोज दुपारी आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसायची ती. केस पांढरे झालेत, गुडघे धरलेत, पण 'बाई' म्हणताना तिचा आवाज अजून मऊ होतो. माझ्या आईला ती माझ्यासमोर बाई म्हणते आणि माझ्या पोटात दुखतं, या वयातही.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही सायन्सला जाणार होतो. तू म्हणालीस, कॉलेजात कार्बनची संयुगं एकदम अंगावर येतात, आधीच हात बसवून घ्या. मी मनात म्हटलं, शिकव ना, पण मला एकट्याला शिकव. वर्षभर तू शाळेतल्या पोरींची होतीस. निदान सुट्टीत तरी माझी असावीस एवढंच माझं मागणं होतं, आणि नेमकी तेव्हाच ही आली. तू भिजवलेले हरभरे परातीत घेऊन बसतेस, खराट्याच्या काड्यांचे तुकडे करतेस. एक हरभरा म्हणजे एक कार्बन, त्याला चार हात. हायड्रोजन मनातच धरायचे, नाहीतर डबा रिकामा होईल, असं हसून सांगतेस. चार हरभरे सरळ ओवले की ब्यूटेन. तीन ओवून चौथा मधल्याला टोचला तर सूत्र तेच, पदार्थ मात्र वेगळा, उकळतोही वेगळ्या तापमानाला. याला समघटक म्हणतात. संध्याकाळी काड्या काढून त्याच हरभऱ्यांची उसळ व्हायची. त्यातले तिनं ओवलेले कोणते हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी सगळेच रागानं चावायचो.

मग तो हेक्झेनचा दिवस. सहा हरभरे किती तऱ्हांनी जोडता येतात ते दाखवा, म्हणालीस, आणि प्रत्येकाला नाव द्या. तिनं पाच केली आणि हात आवरला. मी तीच पाच करून वर सहावं केलं. चार हरभरे एका ओळीत, त्यातल्या दुसऱ्याला दोन हरभऱ्यांची शेपटी, नाव दोन-इथाइल ब्यूटेन. मी ऐटीत तिच्याकडे बघितलं. तू तिलाच म्हणालीस, बघ बरं. तिनं शेपटीच्या टोकावर बोट ठेवलं आणि मोजत मोजत ओळीच्या लांबच्या टोकापर्यंत नेलं.

"बाई, लांब साखळी पाचाची आहे. हे तर तीन-मिथाइल पेंटेन झालं, ते यानं आंधीच केलं आहे."

तू मान डोलावलीस आणि मला म्हणालीस, "वेगळं मांडलं म्हणून नवं होते काय बे? नाव द्याच्या आंधी साखळी मोजत जाय."

चुकलो याचं मला फारसं काही नव्हतं. पण ती चूक तू तिच्याकडून काढून घेतलीस. मी तडक उठलो, बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि सुट्टी संपेपर्यंत शिकायला आत आलो नाही. तू एकदाही बोलवायला आली नाहीस, आणि हा राग मी फार वर्षं जपला. आत अल्कोहोल आणि ईथर चाललेलं असायचं, एकाच सूत्राचे दोन अगदी निराळे पदार्थ, आणि मला ओट्यावर घाम पुसताना तुझा शब्द न् शब्द ऐकू यायचा. पुढे कॉलेज उघडलं तेव्हा तुझं स्वतःचं पुस्तक, आत माहेरचं नाव आणि पेन्सिलीच्या खुणा असलेलं, तू तिला देऊन टाकलंस. मला दुकानातून कोरं आणलंस. शेजारच्या काकू म्हणाल्या, बघा, शेवटी मुलालाच नवं घेतलं. त्यांना काय कळणार.

मी जन्मभर कॉलेजात हेच शिकवलं आणि चांगलं शिकवलं. पण एक सल राहिला, की मला जे येतं ते तू दुसऱ्याच कुणाला सांगत होतीस आणि मी ते नुसतं बाहेरून उचललं. परवा चहा घेताना हे मी तिला थोडं चेष्टेत, थोडं तिरकसपणे बोलून दाखवलं. तिनं कप खाली ठेवला.

"तुमाले माहीतच नाही काय? मी बाईंच्या गुडघ्याले गुडघा लावून बसत होती. मले कायले एवढ्या मोठ्यानं सांगा लागते? बाई म्हणत, ओट्यावर एक जण रुसून बसला आहे, बोलावलं त आणखी दूर जाईन, त्यालेबी ऐकू गेलं पाह्यजे. घसा बसत होता त्यायचा."

तिला वाटलं, मला आनंद होईल. झाला, आई. ती गेल्यावर मी बराच वेळ रडलो. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, तेव्हा निदान खरं लिहितो. रडतानासुद्धा एक गोष्ट टोचतच होती. हे तू तिला सांगितलंस, मला नाही.